जागा स्वच्छ आढळली

वाशीम, २ मार्च १९७८

चि. सौ. पंचफुलास अ. आ. व जयभीम.

आपल्या दाव्यात नेमलेल्या कोर्टाच्या कमिशनरांच्या अहवालाची नक्कल आज वकिलांनी दिली. तेलगिरणीचा ट्रॅक्टर तुमच्या वस्तीच्या विहिरीला लागून काळा गाळ ओततो, पाण्यावर तवंग येतो, हे पाहायला त्या गृहस्थांना रिठदला धाडलं होतं. ते लिहितात, ‘जागा स्वच्छ आढळली. सडा-रांगोळी केलेली होती.’ चहाचा उल्लेख नाही, एवढेच उपकार.

तीस वर्षं नर्स होते, लाच घेतलेला माणूस मला दुरून कळतो. वकील म्हणतात, बाई, जपून बोला. जपून बोलायचं तर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बोलायला शिकवलंच कशाला? गाळ गेला कुठे, ते लगेच कळव. तुझ्या नातवाची हगवण थांबली का?

रागातही लोभ आहेच.
तुझी अक्का

रिठद, ६ मार्च

ती. अक्काले सा. जयभीम वि. वि.

साहेबाले नावं ठेवू नको. गाळ आमीच उचलला. कोर्टाचा माणूस पहिल्यांदा आपल्या वस्तीत येणार होता, त्याले काय घाणीत उभं करायचं? आमी सगळ्या बायांनी दोन दिवस टोपल्यानं गाळ वाहून खड्ड्यात पुरला. सून अंजनाच्या हाताची साल निघाली. सडा-रांगोळी माझीच. साहेब ओट्यावर बसला, आमच्या घरच्या कपानं चहा पेला. मले वाटलं, तू खूश होशीन.

तो गेला अन् दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर हजर. पोराची हगवण चालूच आहे. पाणी उकळलं तरी वास जात नाही.

राग उतरला की लोभ कर.
तुझी पंचफुला

वाशीम, १० मार्च

चि. सौ. पंचफुलास अ. आ.

त्या साहेबांविषयी बोलले ते मागे घेते. तुझं पत्र वकिलांनी वाचलं. आधी हसले, मग कागद पुढे ओढला. दुसऱ्या पाहणीचा अर्ज केला आहे. तारीख कधी लागेल सांगता येत नाही. तोवर विहिरीजवळ झाडू नाही, सडा नाही. चौदा एप्रिललासुद्धा नाही. मी काय मागते आहे ते मला ठाऊक आहे. अंजनासाठी मलम पाठवते.

मनात आणू नकोस.
अक्का

रिठद, १६ एप्रिल

ती. अक्काले सा. जयभीम वि. वि.

जयंतीची मिरवणूक गाळाच्या कडेनं नेली. किन्हीराजा गावचे पाहुणे नाकाले रुमाल लावून जेवले. पाराजवळ गावातला एकजण मोठ्यानं बोलला, "धर्म बदलला, घाण काही बदलली नाही." मी झाडू कुलपात ठेवला होता. चावी हातात होती.

काल साहेब आला. गाळ पाहून मलेच विचारे, मागच्या वेळी काहून नाही दाखवला?

आठवण ठेव.
पंचफुला

वाशीम, २९ एप्रिल

चि. सौ. पंचफुलास अ. आ.

मनाई हुकूम मिळाला. गिरणीला यापुढे गाळ टाकता येणार नाही. पडलेला कोणी उचलायचा, ते मात्र सुट्टीनंतर जूनमध्ये ठरेल, आणि तोवर वकील हात लावू देत नाहीत. तुम्ही उचललात तर गिरणीवाला म्हणेल, नव्हताच.

पण पावसात सगळं विहिरीत उतरेल. दोन दिवस विचार केला. तुम्ही उचला. दावा अर्धा राहिला तर राहू दे, पोर जगलं पाहिजे.

हे वकिलांना सांगू नकोस.
अक्का

रिठद, ४ मे

ती. अक्काले सा. जयभीम वि. वि.

आमी उचलणार नाही. जयंतीले ऐकून घेतलं, ते फुकट जाऊ देऊ काय? ज्यानं टाकला त्याच्याच माणसानं उचलावा.

पाण्याची फिकर करू नको. काल सकाळी आमी साऱ्या जणी घागरी घेऊन गावातल्या मोठ्या विहिरीवर गेलो. तिथं आमी कधी पाणी भरलं नव्हतं, तुले माहीत आहे. रहाटाजवळच्या बाया बाजूले झाल्या. आज पाच-सात माणसं येऊन बसली होती. पाणी भरू दिलं. उद्याचं सांगता येत नाही.

तुह्या वकिलाले विचारून ठेव, त्या विहिरीसाठी बी हुकूम भेटते का.

लोभ आहे, तसाच राहू दे.
पंचफुला