सतरावी मात्रा

९ नोव्हें., रवि.
देवऱ्यांचं पान आज हातावेगळं केलं. मोडी वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर तीन आठवडे पडून होतं. आपल्याकडे रीत अशी की आधी दोघांनी वाचायचं, मग तपासनिसाने शेवटचं ठरवायचं. तपासनीस मी. मोसम नदीकडचा कागद, बंधाऱ्याच्या पाण्याच्या वाटणीचा. शेवटून दुसऱ्या ओळीत देवऱ्यांच्या मूळपुरुषाचं नाव, सदु बिन रावजी. त्यापुढचा शब्द पहिल्या वाचकाने सोडून दिलेला. दुसऱ्या वाचक सटाण्याकडच्या कल्पनाताई अहिरे. त्यांनी लावलं 'बारेकरी'. मी 'वारकरी' केलं. या कारकुनाचे ब आणि व सारखेच. 'र'च्या डोक्यावर आहे तो शाईचा शिंतोडा.

क. ताईंनी गटावर विचारलं, "सर, मला ती मात्रा वाटते. आमच्याकडे बंधाऱ्याखालच्या शेतांना पाणी देणाऱ्याला बारेकरी म्हणायचे. माझा आजा होता."

मी लिहिलं, "ताई, मोडी डोळ्यांनी वाचतात, आज्याच्या आठवणीने नाही. शब्दकोशात दाखवा, मान्य करतो. तोवर गावचं बोलणं कागदात घुसवू नका."

एकोणीस जणांनी हसरे चेहरे टाकले. कुणीतरी, "आज बारेकरी, उद्या भारेकरी." ताईंनी एवढंच लिहिलं, "बरं सर."

गटाच्या वाचकांच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे शेरा दिला: अंदाजाने वाचन, सराव कमी.

१० नोव्हें., सोम.
कंपनीत तपासणीला आलेले दोन लॉट परत पाठवले. भोक तीन शतांशाने मोठं. सुपरवायझर म्हणाला, "बोरसे, तुम्ही देवालाही परत पाठवाल." पाठवीन, मापात नसेल तर.

दुपारपाळी नव्हती, सातला घरी. जेवताना सुनंदाचा तिच्या माहेरी फोन चालू. "दादा कुठंय? बारे धरायला गेला का? या आठवड्यात लाइट दिवसाची असंल मग." माझा घास हातातच. फोन ठेवून म्हणाली, "काय झालं? भाजी खारट झाली का?" नाही म्हटलं.

बारे वेगळं, बारेकरी वेगळं. आणि सरकारी कागदात असले शब्द येत नाहीत.

१४ नोव्हें., शुक्र.
जोशीकाकांचा फोन. गट त्यांनीच काढला. पंचवटीत उपाध्ये आहेत, यजमानांच्या जुन्या वह्या वाचता वाचता हा उद्योग सुरू केला. म्हणाले, "त्या कल्पनाबाईंनी त्यांच्याकडच्या नऊ बाया जमवल्यात. घरोघर जुने कागद आहेत, वाचणारं कुणी नाही. जानेवारीपासून त्यांचा वर्ग घ्यायचा म्हणत होत्या, अहिराणीतून समजावून. पण तुमचा शेरा पाहिला. सराव कमी म्हणता, तर शिकवायला कसं बसवायचं?"

म्हटलं, काका, नियम तो नियम.

"बरं, मग थांबवतो वर्ग."

नियम मीच लिहिलेला आहे. तपासनिसाचा प्रतिकूल शेरा असेल तर सहा महिने शिकवायचं नाही.

२३ नोव्हें., रवि.
गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये देवरे कुटुंबाचं संमेलन. सुनंदाला घेऊन गेलो. वंशावळीची पुस्तिका वाटली. पहिल्याच पानावर, 'आमचे मूळपुरुष सदु रावजी, वारकरी.' खाली, 'मोडी वाचन: बोरसे सर.' शाल, नारळ, टाळ्या. निवेदकाने सांगितलं की सर कुठल्याही गुरूकडे शिकलेले नाहीत, कंपनीत जेवणाच्या डब्याशेजारी झेरॉक्स ठेवून शिकले. हे मीच त्याला लिहून दिलं होतं.

थोरले देवरे बँकेतून निवृत्त. गळ्यात कोरी तुळशीची माळ. "सर, रक्तातच होतं आमच्या. तुम्ही फक्त दाखवून दिलंत." पंगतीत त्यांची सून वाढायला आली. हळूच म्हणाली, "सर, तुमच्या एका शब्दापायी आमच्या घरातलं रविवारचं मटण गेलं बघा." सगळे हसले. मीही हसलो. शाल काढून मांडीवर ठेवली.

रिक्षात सुनंदा, "एवढं कौतुक झालं, नि तोंड असं का?"

२४ नोव्हें., सोम.
रजा टाकली. मूळ स्कॅन काढून चारपट मोठा केला. पानावरच्या मात्रा मोजल्या. सोळा. सगळ्या शिरोरेघेच्या वर, उजवीकडे झुकलेल्या, टोकाला बारीक होत गेलेल्या. शिंतोडे सात. सगळे गोल.

माझा आठवा शिंतोडा झुकलेला आहे. टोकाला बारीक आहे. ती सतरावी मात्रा आहे.

पाण्याच्या कागदात वारकऱ्याचं काय काम, हा प्रश्न त्या दिवशी मलाही पडला होता. देवळाला इनाम असेल, त्याला पाण्याचा हिस्सा असेल, असं काहीबाही मनात रचून तो शब्द मी बसवला. कंपनीत कुणी असा माल आणून ठेवला असता तर

२६ नोव्हें., बुध.
काल लिहवलं नाही. आज खरं लिहितो. वही माझीच आहे.

क. ताईंचं 'बारेकरी' वाचलं त्याच क्षणी शब्द कळला होता. बारे म्हणजे पिकाला पाणी द्यायची पाळी. नांदगावकडे आमच्या मळ्यात मी स्वतः बारे धरलेत, दहावीपर्यंत, गुडघाभर चिखलात, फावडं घेऊन. तात्या बांधावरून ओरडायचे, "पानी फुटलं रं, ध्यान कुठं हाय तुझं."

कंपनीत लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात साहेबाने माझं 'लय' आणि 'नाय' सगळ्यांपुढे म्हणून दाखवलं होतं. खो खो हसले सगळे. त्यानंतर मी बोलण्यातून एकेक शब्द वेचून टाकला, तांदळातले खडे वेचावेत तसा. बारेही त्यातच गेलं. घरात सुनंदा बोलते तेव्हासुद्धा मी तिला टोकतो.

म्हणजे ताई चुकल्या म्हणून मी बोललो नाही. मी टाकून दिलेला शब्द त्यांनी दोनशे लोकांदेखत माझ्यापुढे ठेवला, आणि 'माझा आजा होता' म्हणून सरळ सांगितलं. त्याचा राग आला. शिंतोड्याचं कारण मागून शोधलं.

दोन मिनिटंही लागली नव्हती मला ते उत्तर लिहायला.

३० नोव्हें., रवि.
आज सकाळी गटाचा मोडीचा वर्ग माझ्याकडे होता; घेतला नाही, सर्दी म्हणून सांगितलं. क. ताईंना फोन. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, मागून म्हातारीचा आवाज, "कोन शे?" ताई म्हणाल्या, "नाशिकना सर, माय."

म्हटलं, ताई, ते बारेकरीच आहे. माझं चुकलं.

"माहीत होतं सर."

म्हटलं, माफ करा.

मग म्हणाल्या, "इथं फोनवर कशाला सर? जिथं बोलले तिथं बोला ना. माझ्या बायांनी बी वाचलं ते, आज्याचं. त्या गटात होत्याच ना. एकजण म्हणली, कल्पनाताई, तुलाच येत नाय तर आमाला काय शिकवशील. एकेक करून गेल्या. आता तीन राह्यल्या. नऊ गोळा करायला मला दीड वरीस लागलं सर. एकेकीच्या सासूला जाऊन भेटले."

मी गटावर लिहितो म्हटलं.

"लिहा. मी आता तिथं जास्त बघत नाय."

फोन ठेवण्याआधी 'बरं सर' म्हणाल्या नाहीत. ते ऐकायला मिळेल असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

३ डिसें., बुध.
कंपनीतून परस्पर देवऱ्यांकडे. चहा होईपर्यंत थांबलो, मग सांगितलं. त्यांनी पुस्तिका उघडली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे आम्ही लोकांच्या शेतात पाणी भरणारे?"

म्हटलं, गावाने नेमलेला माणूस असायचा तो. कुणाला किती पाणी, हे त्याच्या हातात. विश्वासाचं काम.

"हो, पण भरायचा तो पाणीच."

मग माळेशी चाळा करत पुस्तिका मिटली. "दोनशे प्रती वाटून झाल्या सर. आता घरोघर जाऊन खोडायचं का? राहू द्या." दारापर्यंत आले. चपला घालताना म्हणाले, "हे आमच्या मुलांना सांगू नका. सून तर उद्याच मटण आणेल." हसण्यासारखं होतं. दोघंही हसलो नाही.

७ डिसें., रवि.
सकाळचा सगळा वेळ चार ओळींत गेला. तीन मसुदे. दहाला गटावर टाकलं:

"देवरे कागद, शेवटून दुसरी ओळ. 'वारकरी' नसून 'बारेकरी'. तपासनिसाची नजरचूक. कल्पनाताई अहिरे यांचं वाचन बरोबर होतं."

अर्ध्या तासात जोडलेले हात, फुलं. "सर, केवढं मोठं मन." "फळं लागलेलं झाडच वाकतं." जोशीकाका, "चूक कबूल करणारा तपासनीस आहे आपल्याकडे, याचा गटाला अभिमान वाटायला हवा." भारेकरी म्हणणारा गृहस्थही, "नमन सर."

क. ताईंचं नाव एकाच्याही उत्तरात नाही.

'नजरचूक' पहिल्या दोन मसुद्यांत नव्हतं. तिसऱ्यात घातलं. घातल्यावर वाक्य कसं नीट बसलं.

९ डिसें., मंगळ.
काल दिवसभर कामात लक्ष नव्हतं, एक चुकीचा लॉट पास करता करता राहिलो. आज जेवणाच्या सुट्टीत गटावर टाकलं, एका दमात, न सुधारता:

"परवा मी नजरचूक लिहिलं. ती नजरचूक नव्हती. शब्द मला माहीत होता. लहानपणी मी स्वतः बारे धरले आहेत. तरी कल्पनाताईंना सर्वांसमोर कमी लेखलं आणि त्यांच्या आजोबांवरून बोललो. त्या शेऱ्यामुळे त्यांचा वर्ग गेला. शेरा मी खोडला आहे. वर्ग त्यांना परत द्यावा. माझं नाव तपासनिसांतून काढून पहिल्या वाचकांत घालावं. माझी पानं ताईंनी तपासावीत, त्यांची तयारी असेल तर."

या वेळी फुलं आली नाहीत. तासाभराने कुणीतरी दुसऱ्याच पानाबद्दल विचारलं आणि सगळे तिकडे वळले.

संध्याकाळी जोशीकाका, "बोरसे, जरा जास्तच झालं. लोक मला विचारतायत, सरांची तब्येत बरी आहे ना."

सुनंदाने वाचलं ते. मी दाखवलं नव्हतं, तिच्या बहिणीने पाठवलं. कणीक मळता मळता म्हणाली, "बारे माहीत नाही म्हणालात तुम्ही? माझ्या माहेरच्या बांधावर उभं राहून म्हणून दाखवा बरं." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "मला टोकता तेव्हा मलाबी वाईट वाटतं हो."

एवढी वर्षं कधी म्हणाली नाही. की म्हणाली असेल, नि मी तिचं 'बी' तेवढं ऐकलं असेल.

१४ डिसें., रवि.
जोशीकाकांनी नावं हलवली, क. ताईंचं तपासनिसांत. मी आता पहिल्या वाचकांत, विसाव्या क्रमांकावर. नवे लोक 'सर' म्हणावं की नको अशा घोटाळ्यात आहेत. वर्ग क. ताईंना परत देऊ केला, तीन तर तीन बायांचा. त्यांचं उत्तर नाही. काका म्हणाले, "मी दोनदा विचारलं. आता तिसऱ्यांदा विचारलं तर बरं दिसत नाही."

मला एक पान आलं, निफाडकडचं, जमिनीची खरेदी. दोन दिवस लावून वाचलं. तक्त्यात चढवलं. तपासणारे: कल्पना अहिरे. दुसऱ्या एका तपासनिसाने आपण होऊन विचारलं, "बघून टाकू का सर, अडकून राहील." नको म्हटलं.

१८ डिसें., गुरु.
पान तसंच. दिवसातून तीन-चारदा तक्ता उघडतो. जेवणाच्या सुट्टीतही. त्यांच्याकडे आता कांद्याच्या लागणीची घाई असणार, असं स्वतःला सांगतो. सांगायला बरं कारण आहे. मी काय केलं ते त्यांना आठवत असेल, हे कारण जास्त खरं.

२१ डिसें., रवि.
सकाळी रकान्यात उत्तर होतं. मला निरोप नाही, नमस्कार नाही. एवढंच: "तिसरी ओळ परत बघा. क. अ."

तिसऱ्या ओळीत मी वाचलंय 'गणु बिन तानाजी'. भिंग घेऊन पाहिली. मग मोठी करून पाहिली. या हातात त आणि न जवळजवळ सारखे आहेत, म्हणजे त्यांना 'नानाजी' दिसत असणार. पानावरचे सगळे त काढले, अकरा. सगळे न काढले, चौदा. शेजारी शेजारी ठेवले. मला अजूनही तानाजीच दिसतो.

पूर्वी असतो तर दोन मिनिटांत तसं लिहून मोकळा झालो असतो. आज 'तानाजीच आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'नानाजी, चूक झाली' असं लिहिलं, तेही खोडलं. न दिसणारं अक्षर दिसलं म्हणायचं, तर तो खोटेपणा पुन्हा त्यांच्याच पदरात घातल्यासारखं होईल. आणि दिसतंय ते खरंच दिसतंय, की तसं असावं असं मला वाटतंय, हे ठरवायला माझ्याकडे माप नाही.

ताई, तुम्हाला ते कशावरून दिसलं, एवढंच विचारायचं आहे. दुपारी फोन केला. वाजत राहिला. संध्याकाळी परत करणार आहे.