तीन पात्यांचा शांत पंखा

७ जानेवारी १९९६
नव्या वर्षाचे संकल्प, आठवडाभर उशिरा पण पक्के. डोसा बंद. आमच्या छोट्या दोन सीटच्या विमानाचा प्रोपेलर, म्हणजे नाकावरचा पंखा, बदलायचा. आणि हिला फोन केला की प्रोपेलरचा विषय आपण होऊन काढायचा नाही.

ही, म्हणजे सुखदा, दिवाळीआधी आठ दिवसांसाठी पुण्याला बहिणीकडे गेली आहे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गुडघा आता बरा आहे, मेव्हणीबाई रोज पर्वती चढतात म्हणे. तरी अशा दुखण्यात सोबत लागते. माझी तक्रार नाही.

त्याच दिवशी, जेवणानंतर
जाताना ही म्हणाली होती की शेजारी बसूनसुद्धा तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही. तेव्हा मी घाईत होतो. आता शांतपणे विचार केला तर तिचं म्हणणं रास्त आहे. जुना पंखा दोन पात्यांचा. आवाज भयंकर, शिवाय थरथर. तीन पात्यांचा बसवला की विमान निम्मं शांत होईल. घरातले प्रश्न असे मुळापासून सोडवावे लागतात. लोक उगाच चर्चा करत बसतात.

१४ जानेवारी
जक्कूरला, छोट्या विमानांच्या विमानतळावर गेलो. उपेंद्रला योजना सांगितली. उपेंद्र आमच्या विमानाचा इंजिनिअर, तुमकूरकडचा, घरी मराठी बोलतो. बोलायला गोड पण उत्साह कमी. म्हणाला, तीन पात्यांचा पंखा जड असतो, नाक जड झालं की शेपटीत शिसं भरावं लागेल. विमान स्वल्प लठ्ठ होणार, श्रीधरण्णा. हे म्हणताना माझ्या पोटाकडे पाहिलं. दुर्लक्ष केलं.

संक्रांतीचा एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, शेजारून आला. गूळ डोशात मोडत नाही.

२८ जानेवारी
पुण्याला फोन. प्रोपेलरचा विषय काढला नाही. हिनेच विचारलं, काय चाललंय. मग सांगणं भाग पडलं. पात्यांचा कोन, वळण वगैरे सोप्या भाषेत समजावलं. मध्ये ती काहीतरी सांगत होती, बहुधा पुण्याच्या थंडीबद्दल. शेवटी म्हणाली, बरं. एवढं ऐकून घेतलं, म्हणजे गोडी लागते आहे.

११ फेब्रुवारी
प्रोपेलर परदेशातून यायला वेळ आहे. तोवर रिकामा बसणारा मी नव्हे. हिच्या बाजूच्या सीटवर नवी गादी करून घेतली. घरातल्या खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीचं माप दिलं. मरून रेक्झिन, आत चांगला जाड फोम. पायाखाली गालिचा. दारांच्या आतून आवाज शोषणारा नमदा. थर्मास ठेवायला लोखंडी कडी.

उपेंद्र म्हणाला, सगळ्याचं वजन होतं. मी म्हटलं, होऊ दे. आरामाला वजन असतंच.

येताना इंदिरानगरात लोण्याचा बेन्ने दोसे खाल्ला. बेन्ने दोसे दावणगेरेचा प्रकार, संकल्प साध्या डोशाचा होता.

२० मार्च
पाडवा. गुढी उभारली, एकट्याने काठीला साडी नीट बसत नाही. कपाटातून हिचीच निळी साडी घेतली होती. शेजारच्यांनी ओबट्टू दिले, आपल्या पुरणपोळ्याच. नाही म्हणणं अपशकुनाचं, म्हणून चार खाल्ले.

दुपारभर घर फार मोठं वाटलं. मोलकरणीला सुट्टी होती म्हणून असेल.

६ एप्रिल
प्रोपेलर आला. बसवला. इंजिन चालू करून पुढच्या फळीवर कॉफीचा लोटा ठेवला. कॉफीवर तरंग नाही. उपेंद्रसुद्धा खूश झाला आणि कॉफी पिऊन टाकली.

घरी येऊन फोन केला, आणि बोलता बोलता उठून उभाच राहिलो. ही पुढच्या शनिवारी येते आहे. सुती साड्या न्यायला, एका दिवसासाठी, संध्याकाळच्या गाडीने परत. पण आपण होऊन म्हणाली, एक चक्कर मारू वर. पुढे म्हणाली, आवाजाचं मला कधीच काही नव्हतं, वर जायला मला आवडायचं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असणार. मी तिला नव्या पंख्याची खरी किमया तेव्हाच कळेल असं सांगितलं.

रात्री झोप लागली नाही. आनंदाने.

११ एप्रिल
नियमाप्रमाणे विमान काट्यावर घ्यावं लागलं. मग उपेंद्रने मलाही काट्यावर उभं केलं. याची गरज नव्हती.

निकाल असा. नवा पंखा, शेपटीतलं शिसं, गादी, गालिचा, नमदा, कडी आणि मी. यानंतर दुसऱ्या माणसाला जागा उरत नाही. जागा आहे, वजनाची मुभा उरत नाही. पेट्रोल अर्धं भरलं तरी नाही. उपेंद्र म्हणाला, गादी, गालिचा, नमदा काढून टाका अण्णा, मग अक्का आरामात जातील. मी म्हटलं, गादी काढल्यावर आरामात कशी जाईल? तो काटा आवरायला लागला. मुद्दा बिनतोड होता.

शनिवारी हिला गादीच दाखवायची. बघून समजूतदारपणे घेईल.

१३ एप्रिल
आली. जरा बारीक झाली आहे. पंखावर पाय देऊन चढता यावं म्हणून कॅनव्हासचे बूट घालून आली होती. बरी दिसत होती. सांगायचं राहिलं.

गादीवर बसली, रेक्झिनवरून हात फिरवला, छान आहे म्हणाली. पट्टा लावायला लागली तेव्हा वजनाचं सांगितलं. तिने पट्टा परत खाली ठेवला. मग विचारलं, हे कधी कळलं? मी म्हटलं, परवा. ती उतरली.

मीच तोडगा काढला. तू खाली उभी राहून ऐक, मी वर चक्कर मारतो. फरक खालूनच चांगला कळतो.

वर गेलो. खरोखर शांत. इतकं की मी काही बोललो तर मलाच स्पष्ट ऐकू आलं. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या सीटकडे बघून बोललो. मला फार एकटं वाटलं.

उतरलो तर उपेंद्र एकटाच उभा. अक्का ऑटोने गेल्या म्हणाला, साड्यांची पिशवी घेऊन. निरोप दिला आहे, यांना सांगा, खालून काहीच ऐकू आलं नाही. उपेंद्रला वाटलं मला आनंद होईल.

१४ एप्रिल
जक्कूरला जाऊन गादी काढली. गालिचा, नमदा, कडीसुद्धा. उपेंद्रने हिशेब केला, सरी, बरोबर आहे, म्हणाला. आता दोन माणसं बसतात.

संध्याकाळी घरी येऊन पुण्याला फोन लावला. मेव्हणीबाईंनी उचलला. म्हणाल्या, ती दुपारीच पोचली, आता पर्वतीवर गेली आहे. निरोप आहे का विचारलं. प्रोपेलर चांगला चाललाय म्हणून सांगा म्हटलं.

गादी हिच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवली आहे. माप तंतोतंत आहे. उद्यापासून डोसा बंद.