पंपघरातली ओ

बाबा, आपल्या विहिरीवरचा पंप आता मी पुण्यात बसून चालू करते. हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात आणि मग "वीज गेली तर?" असं विचारलं असतंत, म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. वीज गेली की पंप थांबतो, आणि परत आली तरी मी सांगेपर्यंत सुरू होत नाही. ओटीवरच्या कपाटात तुम्ही जुन्या छत्र्या ठेवायचात ना, तिथे एक कॉम्प्युटर बसवलाय. तो दिवसरात्र चालू असतो. त्याच्यापासून पंपघरातल्या स्टार्टरपर्यंत केळीच्या ओळींच्या कडेने एक वायर गेलीय, उंदरांनी कुरतडू नये म्हणून पाइपातून. चर खणायला माणूस लावला, पण जोडणी सगळी माझी, तुम्ही दहावी झाल्यावर दिलेला टेस्टर हातात घेऊन. मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला टेस्टर, म्हणून तेव्हा मी तुमच्याशी अबोला धरला होता. मैत्रिणींची घड्याळं केव्हाच गेली. टेस्टर अजून पेटतो.

हा उद्योग काही हौसेचा नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला ओल्या, निसरड्या जागी जायची बंदी केली. आता पंपघरापर्यंतची आपली वाडी म्हणजे सगळी ओली, निसरडी जागाच. दादाने विरारच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. विहिरीचं पाणी विकत उचलायला एक टँकरवाला तयार होताच. दादाला नावं ठेवत नाही मी, त्याला आईचीच काळजी होती. स्वयंपाकघरात उभा राहून मला म्हणाला, "अगं, जरा प्रॅक्टिकल बघ ना. पंप कोण चालवणार? तू येणारेस रोज पुण्याहून?" मी म्हटलं, "येणार. रोज." आई परातीत सुकेळ्यांसाठी वाळत घातलेली केळी उलटत होती. मान वर न करता तिच्या माहेरच्या, कामणच्या बोलीत म्हणाली, "टँकर लागला तर दोन उन्हाळ्यांत पानी खारं होईल. मग केळी पन नाय नि मी पन नाय." तिच्या त्या 'पानी'वरून तुम्ही तिला जन्मभर चिडवलंत. त्या दिवशी कुणालाच चिडवायचं सुचलं नाही. वाडी राहणार की जाणार, ते माझ्या 'रोज'वर येऊन ठेपलं होतं.

लांबून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा सोपा मार्ग असा, की घराच्या इंटरनेटला बाहेरच्या बाजूने एक दार उघडं ठेवायचं. पण त्या दाराशी आपण एकटेच येत नाही. जगभरचे उपटसुंभ येऊन कडी हलवून बघतात. म्हणून ते दार मी ठेवलंच नाही. माझा लॅपटॉप आणि घरचा कॉम्प्युटर यांच्यात एक खासगी वाट केली. दोघांकडे एकमेकांच्या किल्ल्या आहेत, तिसऱ्याला ती वाट दिसतसुद्धा नाही. शेजारच्या वाडीतून आपल्या मागच्या दाराशी येणारी पायवाट होती ना, तशी. हे काम मला येतं, बाबा. कंपनीत पगार घेऊन मी हेच करते आणि चांगलं करते. तुमच्यासमोर बढाई मारायची कधी सोय नव्हती, आता मारून घेते.

वाट करणं हे मात्र अर्धंच काम. उरलेलं अर्धं मी तुमच्याकडून घेतलंय. मी आठ-नऊ वर्षांची आहे. पंपघराच्या दारात उभी आहे आणि तुम्ही वाडीच्या पार त्या टोकाला, केळीच्या पानांमागे, दिसत नाही. पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवायचं असलं की तुमची हाक येते. मी ओ द्यायची, मगच तुम्ही पाट फोडायचा. त्या दिवशी विहिरीच्या काठावर खंड्या येऊन बसलाय. हाक मला ऐकू येते, पण ओ दिली तर तो उडेल, म्हणून मी गप्प. दुसरी हाक येते. मग चिखलातून धपाधप पावलं. तुम्ही आधी विहिरीत वाकून बघता, मग पंप बंद करता, मग माझ्याकडे वळता. "ओ आली नाही, तर काहीतरी बिघडलंय असंच मी धरणार. आधी पंप बंद, मग बाकी सगळं. कळलं?" कळलं होतं. खंड्या तर पहिल्याच पावलाला उडाला होता.

कॉम्प्युटरला मी तेच शिकवलं. पंप चालू असेपर्यंत तो मला सारखी हाक देत राहतो. माझ्या लॅपटॉपकडून ओ आली नाही, तर पंप बंद. आणि लांबून मी त्याच्या आतलं काही बदललं, तर त्यानंतरही माझी ओ पोचायला हवी. नाही पोचली, तर तो बदल रद्द करून सगळं पहिल्यासारखं ठेवायचं.

दादाला दाखवायचा दिवस ठरला. तो पंपघरात, कानाला फोन, मी पुण्यात. पंप एका झटक्यात सुरू झाला आणि मला चेव आला. म्हटलं, आता याचं कुलूप आणखी घट्ट करून दाखवते. ते करताना मी माझीच वाट बंद करून बसले. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होते. माझी स्क्रीन गोठली आणि फोनमधून पंपाची धडधड ऐकू येत राहिली.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"मी बाहेर राहिले."

"म्हणजे हा असाच चालू राहणार? विहीर उपसली तर खालून खारं येईल गं! मी बंद करतो."

"दादा, हात लावू नकोस. मी सांगतेय ना, थांब."

मी काय बांधलंय ते मला ठाऊक होतं. जरा वेळाने फोनमधून खट् असा आवाज आला, धडधड थांबली आणि वाडीतले कावळे ऐकू यायला लागले. मग माझी स्क्रीन हलली. मी परत आत होते. माझ्याआधी ओ द्यायला पंपघराच्या दारात दादाच उभा राहायचा. तो म्हणाला, "ओ नाही आली म्हणून थांबला?" मी हो म्हटलं. "टँकरवाल्याला नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. आई आता विरारला पाहुणी म्हणून जाते आणि दोन दिवसांत कंटाळून घरी येते.

तिची एक अट मात्र होती. "चोरावानी घरात शिरू नको. येशील तवा हाक मार." म्हणून कपाटात स्पीकर आणि माइक बसवला. वाट जोडली गेली की मी "आई" म्हणते आणि स्वयंपाकघरातून तिची ओ येते. पंपाला तिच्या ओची काही गरज नाही. तरी पाणी नको असलेल्या दिवशीही मी जोडून बघते आणि सिस्टिम तपासतेय असं सांगते. तिला ते खरं वाटत नाही, पण ओ देते.

हे पत्रही मी पुण्यात लिहितेय आणि ते साठतंय तुमच्या छत्र्यांच्या कपाटात. तिथून पुढे ते कुठे पाठवायचं नाही. एक सांगायचं राहिलं. आज आईची ओ आली, तिच्याशी बोलून झालं आणि ती बाहेर अंगणात गेली. मग त्या रिकाम्या ओटीवर मी हळूच "बाबा" अशी हाक मारली आणि थांबले. ओ आली नाही. तुमच्या नियमाने मी तिथेच सगळं बंद करायला हवं होतं. मी पंप चालू केला.