दाढेतलं काळं

४ मार्च
पुन्हा वाजलं आमचं — तेही पेशंटसमोर! बाबा म्हणाले, "कीड आहे, भरून टाक." मी म्हटलं, "वरच्या कवचातच आहे, खड्डा पडलेला नाही. औषधाचा लेप लावू, सहा महिन्यांनी परत एक्स-रे काढू. वाढली तर भरू." गाण्याच्या बाई खुर्चीत आ वासून कधी त्यांच्याकडे बघतायत, कधी माझ्याकडे. शेवटी बाबांनी भरलीच. दवाखाना त्यांचा.

५ मार्च
डोकं ठिकाणावर नाही. "कोरलेलं परत भरून येत नाही, हात आवर" — मला हे शिकवलं कोणी? बाबांनीच ना!

१२ मार्च
हद्द झाली. कोपऱ्यावरचे शिंपीकाका आले होते. एक्स-रे मी स्वतः काढला. दाढ स्वच्छ, किडीचा काळा डाग कुठेच नाही. बाबा तो दिव्यावर धरून खेकसले, "एवढं काळं दिसत नाही तुला? काय शिकलीस मग?" आणि मशीन हातात घेतलं.

मी अडवायला हवं होतं. आरसा धरून उभी राहिले. आत किडीचा मागमूस नाही — टणक, पांढरी दाढ! बाबा क्षणभर थांबले. मग भरून टाकली. शिंपीकाका उलट आभार मानून गेले.

आईला सांगितलं. "त्यांच्या हाताला यश आहे, लोक उगाच येतात का?" ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. नजर वर नाही.

पैशासाठी? बाबा?

१३ मार्च
अबोला. बाबांचं जेवण झाल्यावरच मी ताट घेतलं.

१५ मार्च
ठरलं. उद्या सांगून टाकते — मी दुसरीकडे काम बघते. यांच्या शेजारी उभं राहून हे बघवत नाही.

१६ मार्च
सांगायला गेले. बाबा एकटेच, एक्स-रे बघायच्या दिव्यासमोर. दिवा लागलेला, त्यावर एक्स-रे नाहीच.

"इथे मधोमध काळं दिसतंय का गं?"

"नाही बाबा. नुसता उजेड आहे."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग सावकाश माझ्याकडे.

"तुझ्या चेहऱ्यावरही आहे, बाळा. नाक-डोळे दिसतच नाहीत."

दवाखान्याला कुलूप घातलं. त्यांचा हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.