वरच्या टोकाखाली चार बोटे

बंगळूर,
ता. २६ ऑक्टोबर १९६१

तीर्थरूप हणमंतअण्णा यांस,
सकवारचा नमस्कार. रीत आहे म्हणून लिहिला, एवढेच.

मी बरी आहे. गोजरावहिनींचा खोकला थांबला असेल. त्यांनी देवनहळ्ळीहून पाठवलेली पपनसे पोचली. मी एकही सोलले नाही, सगळी शेजारच्या अंबुबाईंना दिली. वहिनींचा त्यात काही दोष नाही, पण तुमच्या घरचे काही घशाखाली उतरेल असे वाटले नाही.

रविवारी हेब्बाळच्या तळ्याकाठी तुम्ही जे केलेत त्याबद्दल लिहिते आहे.

त्या तिरंदाजी मंडळाचे सेक्रेटरी उपेंद्र मला महिनाभर आधी म्हणाले होते, "तुमच्या वडिलांचं नाव इकडे फार ऐकलंय. जुन्या पद्धतीच्या लांब कमठ्याचा वेगळा गट ठेवतोय, तुम्ही याच." कमठे तपासायला देवनहळ्ळीचे हणमंतराव येणार, हे त्यांनी सांगितले नाही. तुम्ही माझे भाऊ, हे त्यांना ठाऊकच नव्हते. तुम्ही येणार हे मला आधी कळले असते तरी मी आले असते.

तीस बाण सोडले. तुम्ही पाहत होता. पुण्याकडचे ते सगळे इंजिनियर मागे पडले. मग तुम्ही माझा कमठा टेबलावर आडवा ठेवलात, दोरीखालून कागदाची पट्टी सरकवत नेलीत, आणि वरच्या टोकाच्या चार बोटे खाली ती अडली.

"दोरी टेकते आहे," तुम्ही म्हणालात. "हा लांब कमठा नव्हे."

"मग काय आहे?" कोणीतरी विचारले.

"टोकं पुढे वळवलेला कमठा. हलका ओढून बाण लांब जातो. याचा गट वेगळा." मग माझ्याकडे न बघता विचारलेत, "कुणी वळवला?"

मी म्हटले, "मी."

"वाटलंच. वरचं टोक जास्त वळलंय, खालचं कमी. कच्चा हात."

लोक हसले. पहिल्या नंबरची ढाल दुसऱ्या आलेल्या उपेंद्रना मिळाली. ते बिचारे ती घेताना माझ्याकडे बघून ओशाळले. तुम्ही मात्र पट्टीची घडी करून खिशात घातलीत.

अण्णा, अकरा वर्षे थांबला होतात ना यासाठी?

मला १९५० ची ती सकाळ आठवते. तुम्ही टोके वळवलेला कमठा करून लांब कमठा म्हणून विकलात, आणि आप्पांना कळले. त्यांनी तुमचा दुसरा कमठा उंबऱ्यावर आपटून मोडला. "कळकाची एक काठी, माणसाएवढी उंच, एकाच वाकाची! दोरीनं शिवायचं ते दोन टोकांच्या खाचांना, मधे कुठंही नाही. बाकी सगळी फसवणूक. चालता हो!" तुम्ही चालते झालात. मी सासर सोडून वर्षभरापूर्वीच घरी आले होते. तुमची जागा रिकामी झाली म्हणून त्यांनी मला शिकवले. ज्या नियमाने तुम्हाला घराबाहेर काढले, तोच रविवारी तुम्ही मला मोजून दाखवलात. चार लोकांसमोर.

ज्याला लोक हसले तो कच्चा हात माझा नव्हता. आता हे लिहायलाच हवे.

दोन वर्षांपूर्वी मी तळ्याच्या पायऱ्यांवरून पडले आणि उजवा खांदा मोडला. खांदा जुळला, पण आप्पांचा कमठा मला ओढता येईना. निम्मी दोरी येई आणि हात गळून पडे. तेव्हा आप्पांच्या हाताला कंप सुटला होता, पेलाभर पाणी सांडल्याशिवाय पिता येत नव्हते. तरी एका दुपारी शेगडी पेटवून ते अंगणात बसले. त्यांनी एक हलका कमठा तासून ठेवला होता. त्याची टोके निखाऱ्यावर धरून, तेल लावून ते वळवू लागले. मी धरायला गेले तर हात झिडकारला.

"आप्पा, अशानं हा लांब कमठा राहायचा नाही."

"सरी, असू दे. नाही राहिला तर नाही. तुला ओढता यायला हवा, स्वल्प का होईना."

वरचे टोक जास्त वळले, कारण तोवर त्यांचे हात थकले होते. रविवारी "मी" म्हटले ते त्यांची अब्रू झाकायला. आणि तुम्ही त्यांच्याच हाताला कच्चा म्हणालात.

पण मी काही चांगली नाही, अण्णा.

त्याच दुपारी आप्पा म्हणाले, "हणमा विकताना खोटं बोलला, एवढीच त्याची चूक. कमठा खोटा नव्हता. त्याला बोलाव. मला त्याला हे सांगायचंय."

मी म्हटले, "आजच पत्र टाकते." टाकले नाही.

दहा वर्षे मी त्यांचे पाणी भरले, पथ्य सांभाळले, त्यांची शिवीगाळ ऐकली. आणि कमठ्याबद्दलच्या पहिल्या चांगल्या शब्दाचे धनी तुम्ही! माझ्या बाणांबद्दल ते कधी "बरं" यापुढे गेले नव्हते. मी पोस्टकार्ड विकत आणले, पत्ता लिहिला आणि फाडून शेगडीत घातले.

ते रोज विचारत, "हणमाचं आलं काही?" मी म्हणे, "नाही, आप्पा." बाराव्या दिवशी एकदा म्हणाले, "त्याचंही बरोबर आहे," आणि परत विचारले नाही. त्यानंतर आठवडाभरात गेले. तुम्हाला तार मीच उशिरा केली. तुम्ही आलात तेव्हा तिसरा दिवस होता. दारात उभे राहून विचारलेत, "माझ्याबद्दल काही बोलले?" मी मान हलवली. नाही म्हणून.

काल उपेंद्रकडे गेले आणि सांगितले की निकाल बरोबर होता, माझा कमठा त्या गटातला नव्हता. ते म्हणाले, पुढच्या वर्षी दुसरा गट काढू. मी नको म्हटले.

तुम्ही लोकांत माझा अपमान केलात, तो मी विसरणार नाही. मी जे केले ते तुम्ही विसरू नका. फिटंफाट झाली असे समजू नका, माझे पारडे फार जड आहे. वाटले तर या आणि तोंडावर बोला, दार उघडीन. नाही आलात तर मी विचारणार नाही.

एका म्हाताऱ्याला तुमच्या पत्राची वाट पाहायला लावून मारणारी,
सकवार