माझी कवळी टोचत नाही

४ मार्च
जिभेच्या डाव्या कडेला फोड. कारण उघड आहे, बायको भाजीत तिखट ओतते. कवळीचा प्रश्नच नाही, ती मी स्वतः घडवली आहे. तीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करतोय, एकाचीही तक्रार नाही. आठ दिवसांत फोड गायब होणार.

१६ मार्च, सकाळ
फोड आहे. दुखत नाही, म्हणजे बरा होतोय. बायको म्हणे, डॉक्टरांना दाखवा. रोज डझनभर तोंडांचे साचे मी हाताळतो आणि अक्कल ही शिकवणार!

२७ मार्च
आरशात पाहिलं. कडा जाड, मध्ये लाल-पांढरं, बोटाला टणक. घट्टा असणार. गालातली तंबाखूची चिमूट आजपासून बंद.

२७ मार्च, दुपार
उद्यापासून.

८ एप्रिल
घरातच फितुरी. बायकोने समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. वय माझ्या मुलीएवढं, पेशंटच्या कवळ्या माझ्याकडूनच करून घेते आणि मलाच ऐकवते, की दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा काढून तपासावाच लागतो. मी ठोकून दिलं, कवळी टोचतेय. बाई म्हणाल्या, मग पंधरा दिवस कवळी काढून ठेवा, जखम भरली तर प्रश्न मिटला. स्वतःच्या कामाची बदनामी केली, पण सुईपासून सुटलो.

२३ एप्रिल
पंधरा दिवस बोळकं. गिऱ्हाइकं हसतात, मेली. फोड वाढलाय. कानात ठणका, तो पंख्याचा. मानेत गाठ, ती सर्दीची. सर्दी झाली नाही, पण होणार असेल.

२४ एप्रिल
बाईंनी कवळी बसवून सगळीकडून तपासली. म्हणाल्या, कुठेही टोचत नाही, इतकी सुबक कवळी मी पाहिली नाही. तीस वर्षांत पहिलं कौतुक. मी ओरडलो, नीट बघा, टोचतेय, काम भिकार आहे माझं! त्यांनी शांतपणे सुई दिली आणि तुकडा काढला.

३ मे
रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. जिभेचा कॅन्सर. मी म्हणालो, लॅबवाले चुकतात. बाई म्हणाल्या, दोघांनी वेगवेगळं तपासलंय. जीभ किती कापावी लागेल ते सर्जन सोमवारी सांगतील.

बायको ‘मी सांगत होते’ म्हणणार, म्हणून वाटेत चार सणसणीत उत्तरं तयार केली. तिने कागद वाचला. कपाटावरची बॅग काढून माझे कपडे भरायला लागली.

मला भीती वाटतेय.