फायलीतले कान

ता. ९ मार्च

स्टोअरवाल्या भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? जाऊबाईंनी गोड कमी केलं, की अजून चोरून खातात? इकडे आम्ही दोघं ठीक. हे शेजारीच पेपर वाचत बसलेत. खरं तर मी फोनच करणार होते. यांच्या शेजारी बसून केला असता तरी यांना पत्ता लागला नसता. पण फोनवर मला रडू आवरलं नसतं.

आपल्या क्वार्टर्सची फार आठवण येते हो. मधली भिंत इतकी पातळ, की तुमच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी आमचा गॅस बंद करायची! हे तोफांच्या सरावावरून आले की तासभर "काय? काय?" करायचे, आणि तुम्ही पलटणीच्या स्टोअरमधून येऊन भिंतीपलीकडून मुद्दाम हळू आवाजात यांना शिव्या घालायचात. मला ऐकू यायच्या, यांना नाही. किती हसायचो! त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता कळत नाही.

यांनी कानांसाठी अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला होता. तो फेटाळला. आता अपील केलंय, पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मेडिकल बोर्ड म्हणतं, कान वयामुळे गेले. निवृत्तीच्या तपासणीत तर ते ठणठणीत होते. फायलीत तसं लिहिलंच आहे.

ते ठणठणीत कान तुमचे होते, भाऊजी.

कानात नापास झालेल्याला महिना महिना इस्पितळात अडकवून ठेवायचे. मला आठवा लागला होता, यांना मला घेऊन गाव गाठायचं होतं. म्हणून तुम्ही दोनदा आत गेलात, एकदा स्वतःच्या नावाने, एकदा टोपी काढून यांच्या नावाने. नव्या डॉक्टरने मान वर करून पाहिलंही नाही. संध्याकाळी तुम्ही नकलेसकट ते करून दाखवलंत, तेव्हा मी पोट धरून हसले होते.

वकीलबाई म्हणतात, तुम्ही येऊन हे सांगितलंत तरच अपील उभं राहील. तुमच्यावर काही येईल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "बहुधा नाही." बहुधा म्हणाल्या, तुमच्यापासून लपवत नाही. हे तर तुमचं नावही काढू देत नाहीत. "माझ्यासाठी केलं त्यानं. त्याला मी गोत्यात आणू?"

मीही गप्पच बसले असते. पण मागच्या महिन्यात लेकीचा फोन आला. मी बाजारात गेले होते. पोटातलं बाळ राहिलं नाही, हे तिने बाबांना सांगितलं. हे हसून म्हणाले, "वा! छान झालं. आईला सांगतो."

तिला कळतं हो, बाबांना ऐकू येत नाही ते. पण ते शब्द तिच्या कानावर पडले ते पडलेच. तेव्हापासून हे फोनला हात लावत नाहीत. कानाचं चांगलं मशीन आमच्या आवाक्यात नाही, ते आहेच. पण परवा मला म्हणाले, "तोफेनं नेले माझे कान. एवढं कुणीतरी लिहून द्यावं. लेकीला दाखवेन."

तुम्ही नाही आलात तरी माझा राग नाही, असं लिहून कागद संपवणार होते. पण ते खोटं होईल, भाऊजी. राग येईल. मरेपर्यंत राहील.

या.

भिंतीपलीकडची,
तुमची वहिनी